सांध्यावरची रेघ

खस्स. मग जरा थांबून पुन्हा खस्स, खस्स.

रविवारची दुपार होती. आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी खिळासुद्धा ठोकायचा नाही असा नियम आहे, आणि कोलोनमधली माणसं तो नियम पाळत नसतील तर निदान शेजाऱ्याला पाळायला लावतात. त्यामुळे दुपारी इतकं गप्प असतं की फ्रीज बंद-चालू झालेला कळतो. उर्जा माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. साडेचार वर्षांची झाली, तरी झोपताना माझ्या कानाची पाळी धरून झोपते. तिचा हात सुटला की मी उठणार होते. तेवढ्यात हीटरच्या पाइपमधून तो आवाज यायला लागला.

आई सुकं खोबरं किसतायत, मी मनात म्हटलं. सासूबाईंचं सकाळपासून सारणाच्या करंज्यांचं चाललं होतं. किसू दे. खोबरं किसल्याची तक्रार जर्मन माणूससुद्धा कशी करणार? मला त्या आवाजाने बरं वाटलं, माहेरी झोपल्यासारखं. अडीच तास मी डोळे मिटून तो आवाज ऐकत पडले.

चार वाजता स्वयंपाकघरात गेले. किसणी खुंटीवर होती, कोरडी. सासूबाई हॉलमध्ये कानात इयरफोन घालून टॅबवर मालिका बघत होत्या.

"आई, खोबरं झालं किसून?"

"कसलं खोबरं? आधी तुझी मुलगी उठू दे, म्हटलं मग करू."

"बाबा कुठायत?"

"ते खाली गेलेत, तळघरात. तुझंच काहीतरी काम करतायत." त्या हसल्या. "सांगू नको म्हणालेत. सरप्राइज आहे."

मी चपला न घालता जिना उतरले.

केलरमध्ये प्रत्येक घराला जाळीचा एक खण असतो. आमच्या खणात दिवा लागला होता. माझ्या नवऱ्याचा, सिद्धेशचा जुना टी-शर्ट घालून, नाकाला रुमाल बांधून बाबा उभे होते. खाली वर्तमानपत्रं पसरलेली, पाण्याच्या रिकाम्या क्रेटवर आडवा ठेवलेला गाडीचा दरवाजा. माझा दरवाजा. तो तांबडा झाला होता. एकसारखा, सपाट, ओला तांबडा. कुठे ओघळ नाही, कुठे खडा नाही.

"ये, ये," बाबा म्हणाले. रुमालावरचे त्यांचे डोळे चमकत होते. "हात लावू नकोस, प्रायमर ओला आहे. ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात केली, मग दोनशेवीस, मग चारशे. सगळं हाताने. मशीनने केलं असतं तर तुझ्या त्या खालच्या म्हातारीने पोलीस बोलावले असते."

मी खणाची जाळी धरली.

"आणि ह्या इथे," त्यांनी खिडकीच्या चौकटीवर, जिथे पत्रा जोडलेला होता तिथे बोट नेलं, "वेल्डिंगचं एवढं ढेकूळ होतं. कुणा गाढवाने मारला होता वेल्ड, देव जाणे. मी जरा बसवलं त्याला."

तो गाढव हँक नावाचा एक अमेरिकन सैनिक होता. त्याने १९६१ साली मारलेल्या त्या ढेकळावर माझी नोकरी उभी होती.

*

मी ब्रेक इंजिनियर आहे. चाकणला चार वर्षं काम केलं. मग सिद्धेशला इथे नोकरी लागली, मग उर्जा झाली, मग मी जर्मन शिकले, मग एकोणीस अर्ज केले. एकोणीस वेळा 'लायडर' आलं. म्हणजे खेद आहे. या देशात खेद फार शिस्तीत, लेटरहेडवर येतो.

विसाव्या वेळी मी अर्ज केला नाही. उर्जाच्या किटाच्या, म्हणजे बालवाडीच्या वाटेवर एक जुन्या गाड्यांचं वर्कशॉप आहे, तिथे सरळ आत गेले. मालकीण फ्राउ लोमान, साठीची, तोंडात कायम काळ्या ज्येष्ठमधाची गोळी. तिने माझी सर्टिफिकेटं उलटसुलट करून परत दिली. म्हणाली, "कागद मला वाचता येत नाहीत. काम वाचता येतं." इथे कारागिराला नोकरी मिळण्याआधी स्वतःच्या हाताने एक वस्तू पूर्ण करून दाखवावी लागते. तिने मला कोपऱ्यातली एक ताडपत्री उचलून दाखवली. ही उभी कर, एच पाटी मिळवून दे, मग एक जूनपासून तू इथे कायमची.

ताडपत्रीखाली १९५१ची फोर्ड पिकअप होती. आता तिला पिकअप म्हणायचं का, हा प्रश्नच होता. हँकने काय काय केलं होतं तिचं. छप्पर चार बोटं कापून खाली बसवलेलं, त्यामुळे खिडक्या म्हणजे भुवया आक्रसल्यासारख्या. गाडी जमिनीला टेकेल इतकी बुटकी. इंजिनावरचं झाकण काढून टाकलेलं, आठ सिलिंडरांचं लोखंड उघडंच. काळा रंग, पण चकाकणारा नव्हे, पाटीवरच्या काळ्यासारखा. लाल चाकं. सीटवर लष्करी कांबळं शिवलेलं. हॉट रॉड म्हणतात याला. आजकाल लोक नव्या गाड्यांचे भाग घालून अशा बनवतात. ही मात्र खरी जुन्या पद्धतीची होती, त्या काळातल्या माणसाने, त्या काळातल्या भंगारातून, सुटीच्या दिवशी बनवलेली. तो मायदेशी परत गेला आणि ही आयफेलच्या डोंगरात कुणाच्या तरी गोठ्यात राहिली.

गंमत वाटेल, पण ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी त्या कांबळ्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिले. कुणीतरी परक्या मुलखात बसून, घरची आठवण येत असताना, हाताला मिळेल त्यातून आपली एक गाडी बनवली होती.

सात महिने मी तिच्यावर काम केलं. उर्जा किटात असेल तेवढे साडेचार तास. ब्रेक नव्याने बसवले, वायरिंग केलं, कार्ब्युरेटर सोळा वेळा उघडला. फ्राउ लोमानचा एकच नियम होता: रंगाला हात लावायचा नाही. "पहिली शिकायची गोष्ट," ती म्हणायची, "हात खिशात ठेवायला शिकणं."

कारण एच पाटी, म्हणजे जुन्या वारशाच्या गाडीची नंबरपाटी, मिळायची तर गाडी जशी होती तशी हवी. बदल केलेले असले तर ते त्याच काळात केलेत हे दाखवावं लागतं. छप्पर काय, कुणी गेल्या वर्षीसुद्धा कापू शकतो. पण डाव्या दरवाज्यावर हँकने स्वतःच्या हाताने, मळकट पांढऱ्या रंगात इंग्रजीत लिहिलं होतं: 'हँक्स स्लो फ्रेट, के-टाउन, १९६१'. कायझर्सलाउटर्नला अमेरिकन लोक के-टाउन म्हणायचे. त्या अक्षरांतून एक बारीक रेघ निघून वर खिडकीच्या चौकटीवर चढली होती, आणि जिथे छप्पर कापून पुन्हा जोडलं होतं त्या वेल्डिंगच्या सांध्यावरून पुढे गेली होती. सांध्यावरून. म्हणजे वेल्ड आधीचा, रेघ नंतरची, आणि रेघेखाली साल लिहिलेलं. आमच्याकडे एक जुना फोटोही होता, पण त्याच्यावर तारीख नव्हती. सगळा पुरावा त्या दीड वितीच्या रेघेत होता.

मेमध्ये किटांचा संप सुरू झाला. देशभर किटा बंद. मला वर्कशॉपमध्ये जाता येईना, म्हणून शेवटचं काम, दरवाज्याचं कुलूप आणि काचेचं हँडल, घरी करायला तो दरवाजा मी केलरमध्ये आणला. केलर सगळ्यांचं, म्हणून त्याच्यावर पिवळी चिठ्ठी लावली. जर्मनमध्ये लिहिली: कृपया हात लावू नये. मला भीती शेजाऱ्यांची होती.

*

बाबा चौतीस वर्षं आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये होते, शेवटची अकरा वर्षं फोरमन. इथे येऊन त्यांना पाच आठवडे झाले होते. पाच आठवडे ते बाल्कनीत बसून खालून जाणाऱ्या ट्राम बघत होते आणि दर संध्याकाळी सांगत होते की सातची ट्राम आज दोन मिनिटं उशिरा आली. त्या माणसाच्या हातांना काहीतरी हवं होतं. हे मला कळत होतं. म्हणूनच त्यांना मी काही बोलले नाही. "छान झालंय, बाबा," म्हणाले. आणि खरोखर छान झालं होतं. मी फिनिश ओळखते. तसा हात मी इथे कुणाचा पाहिलेला नाही.

मग वर आले आणि सिद्धेशला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं.

आमच्या घरात भांडणं कुजबुजत होतात. भिंती पातळ, हॉलमध्ये सासू-सासरे, आतल्या खोलीत मुलगी. लग्नाला सात वर्षं झाली, मला पोटातून ओरडता येतं का हे मलाच माहीत नाही.

"बाबांनी तुला विचारलं होतं?"

"काय?"

"दरवाजा."

"हां. ते म्हणाले, तो दरवाजा जरा साफ करून देतो. मी म्हटलं करा. तेवढाच वेळ जाईल त्यांचा."

"साफ."

"मला वाटलं धूळबीळ पुसतील."

"चौतीस वर्षं पेंट शॉपमध्ये काढलेला माणूस धूळ पुसतो? तू मुलगा आहेस ना त्यांचा?"

"अगं, पण झालं काय एवढं? गंजलेलाच होता तो. उलट आता—"

"सिद्धेश, त्याच्यावर रेघ होती."

"कसली रेघ?"

मी भांडी घासायला घेतली, कारण हातात काहीतरी धरणं गरजेचं होतं. दरवाजा गाडीतून आणताना मी त्याला रेघेबद्दल सांगितलं होतं. तो हँड्सफ्रीवर होता, पण 'गेनाऊ', म्हणजे 'बरोबर', म्हणाला होता. मला वाटलं मला म्हणाला. त्याआधी मार्चमध्ये जेवताना सांगितलं होतं. त्याआधी वर्कशॉपमध्येच, बोट ठेवून. तेव्हा तो उर्जाचा फोटो काढत होता.

"तीनदा सांगितलंय मी तुला."

"कधी?"

माणूस 'चुकलं' म्हणाला तर राग कुठेतरी जाऊन बसतो. 'कधी' म्हणाला तर तो उभाच राहतो.

"गुरुवारी प्रुफर येणारे. आठवतंय? गाडी तपासायला. पास झाली तर मला नोकरी आहे. ते तरी आठवतंय?"

"आठवतंय ना. पण अख्खी गाडी आहे, स्वरूपा. एका दरवाज्यावरून—"

"ज्या दरवाज्यावरून ठरणार होतं, तोच घासलाय."

"मग आधी नीट सांगायचं ना," तो म्हणाला. आणि लगेच, आवाज आणखी खाली आणून, "आता बाबांना काही बोलू नकोस, प्लीज. इथे आल्यापासून पहिल्यांदा ते खूश आहेत."

"त्यांना कुठे बोलतेय? तुला बोलतेय. तू माझ्या गाडीला सात महिने खटारा म्हणालास, हसून म्हणालास म्हणून मी हसले. तुझ्या कामातला एक स्क्रू बाबांनी उचलून टाकला असता तर तू 'वेळ जाईल' म्हणाला असतास?"

तो काही म्हणणार होता, पण दार उघडलं. बाबा होते. हातात रिकामा पेला, केसांवर तांबडी धूळ. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"काय खोडलं मी?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो बाबा," सिद्धेश म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

मी फोनवर दरवाज्याचा आधीचा फोटो उघडून दाखवला. बाबांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, दोन बोटांनी रेघेवरून वर वर गेले आणि सांध्यापाशी थांबले. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"रंग वेल्डवरून गेला होता," ते म्हणाले. "म्हणजे वेल्ड आधीचा."

"हो."

ते स्टुलावर बसले. पेला तसाच हातात. "अगं, मग मला सांगायचं ना."

"चिठ्ठी लावली होती, बाबा."

"ती पिवळी?" त्यांनी पँटच्या खिशातून ती काढली. चार घड्या घालून नीट ठेवली होती. "मला वाटलं शेजाऱ्यांचं काहीतरी असेल. फेकली नाही मी."

मी ती चिठ्ठी घेतली. माझंच अक्षर होतं. पाच आठवडे माझ्या घरात राहणाऱ्या माणसाला जर्मन येत नाही, हे मला माहीत होतं.

*

सोमवारी उर्जाला सासूबाईंकडे सोडून वर्कशॉपमध्ये गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. ट्राममध्ये जर्मन वाक्यं जुळवली होती, क्रियापदं शेवटी ठेवून.

फ्राउ लोमान गाडीच्या इंजिनापाशी उभी होती. "दरवाजा?"

"घरी आहे. कुलूप झालं. काच अजून..."

"गुरुवारी सकाळी नऊला येतोय तो. बुधवारी बसवू." तिने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "तुला एक सांगते. माझ्याकडे या गाडीवर आधी तिघांना लावलं होतं. तिघांनीही पहिल्या आठवड्यात पॉलिश पेपर मागितला. तू मागितला नाहीस. म्हणून तू इथे आहेस."

मी 'या' म्हणाले. जर्मनमधलं 'हो'.

जुळवलेली वाक्यं तशीच परत घेऊन आले. वाटेत एका दुकानात शिरून तो जुना फोटो मोठा करून घेतला. घरी येऊन तो टेबलावर बाबांसमोर ठेवला.

"बाबा, लिहाल?"

सासूबाई पोळ्या लाटत होत्या, त्या थांबल्या. बाबांनी फोटो उजेडाकडे धरला. बरोबर का चूक, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मला त्याचाही राग आला. एका शब्दाने तरी अडवायला हवं होतं कुणीतरी.

"इनॅमल लागेल," ते म्हणाले. "आणि लांब केसांचा ब्रश. दोन नंबर."

संध्याकाळी सिद्धेश आला तेव्हा केलरमध्ये काळा रंग लागला होता. त्याने जिन्यातूनच वाकून पाहिलं. "बघ, मार्ग निघाला ना," तो म्हणाला. "उगाच टेन्शन घेत होतीस."

मी रंगाच्या डब्यावर झाकण दाबलं. तो वर निघून गेला.

मंगळवारी सकाळी बाबांनी लिहायला घेतलं. हात टेकवायला काठी हवी होती, ती नव्हती, म्हणून त्यांनी सासूबाईंचं लाटणं मागितलं. लाटण्यावर मनगट ठेवून, श्वास धरून, एकेक अक्षर. चौऱ्याहत्तर वर्षांचा हात, पण ब्रश पत्र्याला टेकला की थरथर थांबायची. उर्जा उलट्या बादलीवर बसून बघत होती. एरवी ती पाच मिनिटं एका जागी बसत नाही.

"बाबा, एस वाकडा होता," मी फोटो धरून म्हणाले. "उजवीकडे कललेला."

त्यांनी बघितलं. त्यांचा एस सरळ आला होता, छापल्यासारखा. फडक्याने पुसला, पुन्हा काढला. पुन्हा सरळ.

"हात ऐकत नाही गं," ते म्हणाले. "वाकडं काढायचं म्हणजे..." तिसऱ्यांदा त्यांनी डावा डोळा मिटला आणि एस कलला. हँक जवळ असता तर त्याला घरच्यासारखं वाटलं असतं.

मग रेघ राहिली. अक्षरांतून निघून, चौकटीवर चढून, सांध्यावरून पुढे. वेल्डचं ढेकूळ बाबांनी घासलं होतं तरी पुरतं गेलं नव्हतं, बोटाला उंचवटा लागत होता. बाबांनी ब्रश भरला, सांध्यापाशी आणला आणि तिथेच थांबले.

"ही तू ओढ," ते म्हणाले.

"मी?"

"अक्षरं मी लिहिली, ती पाटी झाली. लोक पाट्या लिहितात. ही रेघ मात्र," त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "ही तुझी आहे. ओढायची असली तर तूच ओढ."

मी लाटण्यावर मनगट ठेवलं. राग सगळ्यांवर होता. बाबांवर, ज्यांनी इतक्या प्रेमाने वाटोळं केलं. सिद्धेशवर, जो वर ऑफिसच्या कॉलवर होता. फ्राउ लोमानवर, जिने मला चांगलं म्हणून माझं तोंड बंद केलं. आणि माझ्यावर, जी अडीच तास खोबऱ्याचा आवाज ऐकत पडली होती. मी श्वास सोडला आणि ब्रश वर नेला. सांध्यावर तो जरासा उडाला, फोटोत उडालेला तसाच, आणि पुढे गेला.

रेघ सुंदर आली. आयुष्यात मी इतकी चांगली रेघ ओढलेली नाही. मला आनंद झाला, आणि तो झाला म्हणून पुन्हा संताप आला.

"शून!" म्हणजे सुंदर, असं म्हणून उर्जाने टाळ्या वाजवल्या.

सगळं दिवसभर ड्रायरने वाळवलं. बुधवारी पहाटेपासून बाबा ते जुनं करायला बसले. बारीक कागद पाण्यात बुडवून अक्षरांच्या कडा खाल्ल्या. भांड्यांच्या घासणीने जिथे हँकचं कोपर टेकत असेल तिथला रंग उडवला. काळाकुट्ट चहा उकळून तो फडक्याने पुसला, वरून जुनं इंजिन ऑइल, म्हणजे नव्या रंगाचा वास जाईल.

"चहा माणसांना नाही, दाराला पाजतायत," सासूबाई जिन्यावरून म्हणाल्या.

"चौतीस वर्षं डाग काढण्यात गेली, अहो," बाबा हसले. ते सासूबाईंना चेष्टेत अहो म्हणतात. "आता सुनेने डाग पाडायला लावलेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटं नाही हे. त्याने जे केलं होतं तेच आहे. फक्त हात वेगळा."

रात्रंदिवस मी स्वतःला हेच सांगत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती पातळ आहे ते कळलं.

"आजोबा, वारूम माखस्ट डू एस काप्पुट?" उर्जाने विचारलं. कशाला बिघडवताय?

"बिघडवत नाही गं राणी. जुनं करतोय."

"आल्ट?"

"आल्ट. म्हण, जुनं."

"जुनं," उर्जा म्हणाली. पाच आठवड्यांत बाबांनी तिला माझ्या चार वर्षांपेक्षा जास्त मराठी शिकवलं होतं.

*

दरवाजा बुधवारी संध्याकाळीच गाडीला बसवून झाला होता. गुरुवारी किटा बंदच होत्या, म्हणून उर्जाही आली. बाबा तर येणारच होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले, कारखान्यात बाहेरचे इन्स्पेक्टर आले की उभे राहत असतील तसे. सिद्धेशला मीटिंग होती. 'ऑल द बेस्ट' असा मेसेज आला, अंगठ्याच्या चित्रासकट.

प्रुफर हेर फोग्ट उंच, वाळका, खिशात तीन पेनं. त्याने आधी गाडी चालू करायला सांगितली. मी चोक ओढला, बटण दाबलं. ती खोकली, थांबली, आणि मग त्या आठही सिलिंडरांनी एकदम आवाज धरला. जमीन हलली. उर्जाने कानांवर हात ठेवले आणि हसत सुटली. त्या आवाजासाठी मी सोळा वेळा कार्ब्युरेटर उघडला होता. फ्राउ लोमान खिशात हात घालून माझ्याकडे बघत होती, गाडीकडे नव्हे.

ब्रेक त्याने दोनदा तपासले. दुसऱ्यांदा मान डोलावली. स्टिअरिंग पाहिलं, खाली झोपून वेल्ड पाहिले. एक तास गेला. मग तो डाव्या दरवाज्यापाशी आला.

त्याने तो जुना फोटो दरवाज्याशेजारी धरला. एकेक अक्षर. वाकड्या एसपाशी तो किंचित हसला. मग टॉर्च काढली आणि रेघेवरून वर गेला, सांध्यापर्यंत. अंगठ्याने सांधा चाचपला. अंगठा नाकापाशी नेऊन हुंगला, पण ऑइलचाच वास असणार.

"फार छान राहिलंय," तो म्हणाला. कागदावर पेन टेकवलं. मग वर बघितलं. सगळ्यांनाच विचारतात तसं, सवयीने विचारलं, "दरवाजा सापडला तसाच आहे? याच्यावर काही काम केलेलं नाही?"

फ्राउ लोमानने माझ्याकडे मान वळवली. गाडी माझी होती, उत्तर माझं होतं. बाबांना जर्मन येत नाही, पण फोरमनला इन्स्पेक्टरचा प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो. त्यांनी मागे बांधलेले हात सोडले.

'या' म्हणायला एक अक्षर पुरतं. ते माझ्या तोंडात आलं होतं. हे सात महिने, ते एकोणीस 'लायडर', सगळं त्या एका अक्षरामागे रांग लावून उभं होतं.

कुणीतरी माझ्या ओव्हरऑलचा खिसा ओढला. उर्जा. दरवाज्याकडे बोट दाखवून ती माझ्याकडे वर बघत होती. चेहऱ्यावर नुसतं कौतुक. मी प्रत्येक वेळी मराठीत विचारते आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. आज तिने आजोबांच्या भाषेत, एकेक शब्द जुळवत, स्वच्छ विचारलं:

"मम्मा, एवढी छान रेघ तू ओढली. मग सांगत का नाहीस?"